उझबेकिस्तान खेळत होता आणि मी घराबाहेर

सिंदेवाहीच्या बाजाररस्त्यावर माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचे पंप आणि फुकटचा सल्ला एवढा माल मी ठेवतो, त्यात शेवटचा सगळ्यात जास्त उरतो. यंदा जूनच्या सुरुवातीला लोक धानाचं बियाणं न्यायला येत आणि मी बियाण्याची पिशवी हातात देता देता त्यांना उझबेकिस्तानचा गोलकीपर कसा उड्या मारतो ते सांगू लागलो, तेव्हा आपलं काहीतरी बिघडलं आहे हे माझ्याही लक्षात आलं. लोक भले. ते मान डोलवत आणि हे बियाणं किती दिवसांचं म्हणून विचारत.

फुटबॉलशी माझा संबंध तसा जुना. शाळेत असताना तो एकदा मला लागला होता, तोंडाला. त्यानंतर आम्ही दोघांनी एकमेकांचं नाव काढलं नाही. तो पुन्हा घरात आला मुलीमुळे.

मुलगी समरकंदला डॉक्टरी शिकायला गेली होती. इकडे नंबर लागला नाही, तिकडे लागला. शिकून आली त्या दिवशी मी बस स्टँडसमोर तिचा फोटो आणि नावाआधी ‘डॉ.’ असं लिहिलेला एवढा मोठा फ्लेक्स लावला. शेजारपाजारच्या बाया रांगेत बसून तिच्याकडून बीपी मोजून घेऊ लागल्या, तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन समजावलं की बाहेरून शिकून आलेल्यांना इथं आधी एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय आपल्या देशात कोणाला सुईसुद्धा टोचता येत नाही. फ्लेक्स उतरवला. परीक्षा तिनं दिली. दोनदा दिली. दुसऱ्या वेळी अगदी थोडक्यात गेली.

तिसऱ्या वेळचा अर्ज भरलेला होता, पेपर जुलैच्या शेवटी होता. पण मे महिन्यात तिनं पुस्तकं खोक्यात भरून खोकं पलंगाखाली सरकवलं आणि आईला सांगितलं की आता बसणार नाही, नागपूरला कुठल्यातरी दवाखान्यात फाइली सांभाळायचं काम बघते. बाबांना सांगू नको, हेही सांगितलं. बायकोनं मला दोन्ही सांगितलं.

त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना आणि दुकानातही ठरेना. बोलायचं कसं? विचारावं तर बायकोनं सांगितलं हे उघडं पडतं. न विचारावं तर पोरगी फाइली सांभाळायला चालली. मी तिच्या आजूबाजूला घिरट्या घालायचो. पाणी प्यायच्या निमित्तानं जायचो आणि पंखा बघून यायचो. ती मोबाईलवरून मान वर करायची नाही. एकच वेळ होती जेव्हा ती आपण होऊन बोलायची, आणि ती म्हणजे उझबेकिस्तानची मॅच.

तिकडे शेवटची वर्षं ती एका म्हातारा-म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहत होती. म्हातारा तंदुरात गोल रोट्या लावायचा. घरभर फुटबॉलचं वेड. त्यांचा देश विश्वचषकात कधी गेलेला नाही, दर वेळी दारापर्यंत जातो आणि दारातून परत येतो, हे तिनं मला मोठ्या मायेनं सांगितलं. एकदा तर जिंकलेला सामना पंचाच्या चुकीपायी रद्द झाला आणि त्यांना पुन्हा खेळायला लावलं. दुसऱ्या खेपेला जिंकता आलं नाही, आणि तिथंच सारं संपलं. हे ऐकून मला जो राग आला तो आमच्या दुकानात बोगस बियाणं निघालं तेव्हाही आला नव्हता. चूक पंचाची आणि पेपर पुन्हा पोरांनी द्यायचा? मी हे मोठ्यानं म्हणालो. ‘पेपर’ शब्द तोंडातून गेला आणि ती उठून आत गेली.

तरी मी मॅच बघायला तिच्याशेजारी बसू लागलो. बसू लागलो म्हणजे बसत नव्हतोच. उठायचो, कूलरमध्ये पाणी टाकायचो, परत यायचो, काय झालं विचारायचो, काही झालेलं नसायचं. आणि मनातल्या मनात मी एक सौदा करून टाकला होता. हे लोक विश्वचषकात गेले की पोरगी पेपरला बसेल. सौदा कोणाशी केला ते मला माहीत नाही. दुकानदाराला सवय असते.

मग ती मॅच आली. सामना अरबांच्या देशात होता आणि उझबेकिस्तानला जिंकायचीही गरज नव्हती. बरोबरी झाली तरी ते पहिल्यांदा विश्वचषकात जाणार होते. मी दुकान लवकर बंद केलं. शेजारच्या काकाजींना बोलावलं. काकाजींनी उमेदीची वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाची कामं केली आहेत आणि अजूनही चहा मागतात तेव्हा कपबशी थरथरते. ते त्यांच्या सवयीनं घडीची चटई घेऊन आले आणि टीव्हीसमोर पहिल्या रांगेत, म्हणजे आमच्या एकुलत्या रांगेत, अंथरून बसले. मुलीनं मोबाईल टीव्हीला जोडला. मी माझी खुर्ची ओढली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती सांगू लागली की समरकंदच्या त्या म्हाताऱ्यानं मॅच पाहिली की संघ हरतो असं त्या घरात सगळ्यांना पक्कं माहीत आहे. म्हणून मोठी मॅच असली की म्हातारी त्याची टोपी त्याच्या हातात देते. तो बिचारा टोपी घालतो आणि मॅच संपेपर्यंत गल्लीत फिरतो. गल्लीतले लोकही त्याला निकाल सांगत नाहीत.

मी म्हणालो, चांगली पद्धत आहे.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमीबी जा न बाहेर.”

मला वाटलं थट्टा करते आहे. बायकोकडे पाहिलं तर तिनं खुंटीवरचा माझा खांद्यावर टाकायचा दुपट्टा काढून हातात दिला. समरकंदची टोपी आणि सिंदेवाहीचा दुपट्टा, पद्धत सगळीकडे तीच. काकाजी म्हणाले, “जा भाऊ, मी पाह्यतो सारं. काई झालं त सांगतो.” माझ्याच घरातून, माझ्याच टीव्हीसमोरून, मीच बोलावलेल्या माणसानं मला निरोप दिला.

बाहेर उकाडा असा की झाडाचं पान हलत नव्हतं. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. घरातून काहीच आवाज येत नव्हता. आवाज न येणं चांगलं की वाईट, याचा विचार करत तलावाकडे गेलो. पाणी आटून मधोमध राहिलं होतं. पाळीवरच्या दिव्याखाली ओळखीचा एक ढिवर बसला होता, जाळ्याची फाटलेली भोकं विणत. त्यानं बसा म्हटलं, मी बसलो. इतक्या रातच्यानं काऊन म्हणून विचारलं. मी सांगितलं, घरी मॅच चालू आहे आणि मी पाहिली की आपला संघ हरतो. ‘आपला’ म्हणालो, कोणता ते सांगितलं नाही.

त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो गंभीर झाला. असते तसं, म्हणाला. त्याचा साळा सोबत असला की जाळ्यात मासा येत नाही, दहा जागी पाहून झालं आहे. मग त्यानं हातातली सुई थांबवली आणि मला नीट पाहून घेतलं.

“भाऊ, राग नका मानू,” तो म्हणाला, “पन तुमी माह्या जाळ्याजवळ नका बसू. सकाळी टाकाचं आहे.”

तिथूनही उठलो.

परत आलो तेव्हा काकाजी खिडकीत तंबाखू थुंकायला आले होते. मी दबक्या आवाजात विचारलं. ते म्हणाले, पहिला अंक झाला, अजून कोणी मेलं नाही. जाळीपुढचं पात्र मात्र लई भारी काम करून राह्यलं, मी दोनदा वन्समोर देल्ला, त्यानं ऐकलं नाही. आतून मुलीचा आवाज आला, “काकाजी, त्याईले सांगू नका.” खिडकी बंद झाली.

दुसरा अंक मी आमच्याच पायरीवर, दाराकडे पाठ करून काढला. पायरीवर बसून मी ज्या ज्या देवांना जे जे कबूल केलं ते इथं लिहीत नाही. ते देव वाचत असतील तर त्यांच्या लक्षात असेलच.

मग आतून रडण्याचा आवाज आला. मी दार ढकलून आत गेलो. टीव्हीवर पांढऱ्या कपड्यांतली दांडगी दांडगी माणसं गवतावर आडवी पडून रडत होती. मुलगी पलंगावर बसून रडत होती. बायको कशासाठी ते माहीत नसताना सोबत म्हणून रडत होती. काकाजी एकटे भडकलेले होते. इतका वेळ बसलो आणि एक गोल नाही, ते म्हणाले. नायकाचं लग्न नाही, खलनायक मेला नाही, पडदा पडला आणि हे सारे गळ्यात पडून राह्यले. याला काय नाटक म्हणतात? मुलीनं रडता रडता सांगितलं की गोल झाला नाही म्हणूनच ते जिंकले, म्हणजे जिंकले नाहीत, पण गेले. काकाजींनी चटईची घडी केली आणि असं नाटक आमच्याकडे दुसऱ्या दिवशी उभं राहिलं नसतं असं सांगून ते गेले.

तेवढ्यात समरकंदहून व्हिडिओ कॉल आला. म्हातारी नाचत होती, मागं सगळी गल्ली ओरडत होती. मुलगी त्यांच्या भाषेत इतकं भरभर बोलत होती की मला माझीच पोरगी अनोळखी वाटली. मग तिनं फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर म्हातारा होता, अजून रस्त्यावरच, डोक्यावर टोपी. त्यानं मला पाहिलं. मुलीनं त्याला बहुतेक माझ्याबद्दल सांगितलं असावं, कारण त्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली. मी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि नमस्कार केला. आम्ही दोघांनीही सामना पाहिला नव्हता.

सकाळी मी चहा घेत होतो. सौदा डोक्यात होता, पण बोलायची हिंमत नव्हती. मुलीनं पलंगाखालचं खोकं ओढून बाहेर काढलं, एक पुस्तक घेतलं आणि माझ्यासमोर बसली. पेपरला जाईन म्हणाली. मी तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला.

“पन तुमी नाई याचं. कोणीच नाई याचं. मी एकटी जाईन.”

आधीच्या दोन्ही वेळी आम्ही गाडी करून गेलो होतो. बायको, दही-साखरेचा डबा, थर्मास, दुसऱ्या वेळी काकाजीही. दिवसभर मी नागपूरच्या परीक्षा केंद्राच्या फाटकासमोर उभा. मधल्या सुट्टीत जो पोरगा बाहेर दिसेल त्याला मी फाटकाच्या सळयांतून हाक मारून पेपर कसा आहे विचारायचो. मला वाटायचं, बाप म्हणून एवढं तर करावंच.

“मले खिडकीतून तुमी दिसत होते,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा. मी प्रश्न वाचू का तुमी उन्हात उभे आहा का बसले ते पाहू?”

मी कप खाली ठेवला. मला सांगायचं होतं की मी सावलीला जायचो, मधेमधे. पण ते खरं नव्हतं. मी बरं म्हणालो.

जून गेला, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं वर आली, तिच्या खोलीतला दिवा पहाटेच लागू लागला आणि मी पाणी प्यायला तिकडे गेलो नाही. पेपरच्या आदल्या दिवशी ती एक पिशवी घेऊन बसमध्ये बसली. मी स्टँडपर्यंतसुद्धा गेलो नाही. बायको गेली आणि येऊन म्हणाली की खिडकीजवळची जागा मिळाली.

पेपरच्या दिवशी आमच्या धानाच्या शेतात, म्हणजे बांधीत, रोवणी होती. घरी बसलो असतो तर बायकोनंच हाकललं असतं, म्हणून पहाटेच चिखलात उतरलो. बाया वाकून रोवत होत्या, मी पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकत होतो. काही पेंढ्या शेजाऱ्याच्या बांधीत गेल्या. एक म्हातारी बाई म्हणाली की भाऊ, आज तुमचं ध्यान कुठी आहे. मी म्हणालो, इथंच आहे. दुपारी खत आणायचं आहे असं सांगून निघालो, खत बांधीवरच पडलेलं असताना. घरी पाय धुतले, कपडे बदलले आणि स्टँडवर जाऊन बसलो. पेपर सुटला की ती संध्याकाळच्या गाडीनं येईल, असा माझा हिशेब होता. तिला मी दिसणार नाही अशा बेतानं चहाच्या टपरीमागं जागा धरली. एक गाडी आली, गेली. दुसरी आली.

फोन वाजला. तीच होती. आज येत नाही म्हणाली, मैत्रिणीकडे राहते, उद्या किंवा परवा येईन. पेपरचं तिनं काढलं नाही. मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं जड काही उचललेलं नाही.

“तुमी कुठी आहा?” तिनं विचारलं.

“बांधीत,” मी म्हणालो. “रोवणा चालू आहे.”

नेमका तेव्हाच कंडक्टर खिडकीतून पुढच्या गावांची नावं ओरडला, मूल, मूल, चंद्रपूर, आणि गाडीनं असा हॉर्न मारला की टपरीवरचे ग्लास हलले.

हॉर्न संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, “बरं. घरी जाताना पाय धुऊन जा. चिखल असन.”

मी माझ्या स्वच्छ चपलांकडे पाहत हो म्हणालो. निकाल अजून लागायचा आहे.