भांग

देशाच्या सत्तेवर बसलेल्या एका नेत्याच्या भ्रष्टाचारावरचा माहितीपट काल आमच्या वाचनालयात दाखवला. त्यातले करार आणि बंगले मी घरी येईपर्यंत विसरलो. लक्षात राहिले ते त्या नेत्याच्या कार्यालयातले एक निवृत्त शिपाई.

"काका, तुमचा चेहरा झाकू का?" दिग्दर्शिकेनं त्यांना विचारलं.

"का बरं? मी काय चोरी केलीय?"

एवढं बोलून त्यांनी खिशातून कंगवा काढला, लग्नाच्या फोटोला उभं राहावं तसा नीट भांग पाडला आणि म्हणाले, "हं, विचारा आता."

त्याआधीच्याच दृश्यात नेत्यानं कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरला होता.

लोक म्हणतात, या देशाचं आता कठीण आहे. म्हणोत बापडे. खरं सांगायचं म्हणून इथे अजून माणूस भांग पाडून बसतो.