दोन्ही पेपर माझेच होते

"कॅमेऱ्यातनं बाजूला हो."

साहेब एवढंच म्हणाले. मी खुर्ची मागं सरकवली. तरी थोडी दिसत असेन, कारण त्यांनी हातानं खूण केली, कोंबडी हुसकावतात तशी. मी उठून भिंतीला लागून उभी राहिले. स्क्रीनवरचा अमेरिकेतला माणूस विचारत होता, हे रिटर्न कुणी तयार केलं, लई नीट केलंय. रिटर्न मी केलं होतं. साहेबांचा पुतण्या विराज माझ्या खुर्चीवर येऊन बसला. तो म्हणाला, "मी."

कॉल संपला. साहेब म्हणाले, "खाली चहा सांग. चार. तुला पायजे असला तर पाच."

मी पाच सांगितले. माझा चहा प्याले पण. मला काहीच वाटलं नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस पेटून उठतो. मी पेटले नाही. भूल दिलेल्या दाढेवर जीभ फिरवावी, तसं होतं ते. दाढ हाय, पण आपली न्हाई.

लातूरला औसा रोडवर, दुसऱ्या मजल्यावर ते ऑफिस. अमेरिकेतल्या लोकांचे टॅक्सचे कागद तिथं तयार व्हायचे. मी मुदखेडची. बी.कॉम. नांदेडला केलं. माय गावातल्या शाळेत झाडू मारते. माझी जात साहेबांनी कधी विचारली नाही. मुलाखतीत आडनाव ऐकून नुसतं "अच्छा" म्हणाले. ऑफिसात माठ एकच होता. पेले सगळे सारखे स्टीलचे. एके दिवशी एका पेल्याच्या बुडाला नेलपेंटचा लाल ठिपका दिसला. तोच पेला रोज माझ्या टेबलावर यायला लागला. ठिपका कुणी लावला, मी विचारलं नाही. त्याच पेल्यानं दोन वर्षं पाणी प्याले.

अमेरिकेत अकाउंटंटचं लायसन्स मिळवायला एक परीक्षा असते. इथं राहूनही देता येते. पण आपली तीन वर्षांची बी.कॉम. तिकडं अपुरी धरतात. कमी पडलेले विषय तिथल्या विद्यापीठाचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून भरून काढायचे, मग परीक्षेला बसू देतात. मी तो कोर्स धरला. फी कशी भरली ते सांगत बसत नाही. पैशाचं रडगाणं आमच्या तोंडून ऐकायची लोकांना सवय झालीय.

क्लास सकाळी साडेसहाला. तिकडं तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ. भाड्याच्या खोलीत रेंज येत नव्हती, म्हणून मी जिन्यात बसायचे. वरच्या मजल्यावरची बाई दूध आणायला उतरायची, पायानं माझी वही सरकवून जायची. मी वही उचलून परत मांडीवर घ्यायचे. मास्तरीणबाई लई भराभर बोलायच्या. एक वाक्य तीनदा ऐकलं की कळायचं. कळलं की मात्र पक्कं बसायचं.

महिन्याभरानं साहेबांनी विराजलाही त्याच कोर्सला घातलं. आणि मला आत बोलावलं.

"विराजला टाइम न्हाई. त्याचे पेपर तेवढे तू लिहीत जा. तू लिहायलीसच की तुझे."

मी दाराकडं वळले.

"लायसन्सला अनुभवाचं पत्र लागतंय. ठावं हाय ना? ते आमच्या अमेरिकेतल्या पार्टनरच्या सहीनं मिळतंय. मी सांगितलं तर मिळतंय."

हो म्हणाले का? नाही. नाही म्हणाले का? तेही नाही. मान खाली घालून बाहेर आले, त्याला हो धरतात. विराज माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी त्याला विराजसर म्हणायचे. तो मला "ए" म्हणायचा.

पाच महिने मी दोघांचे पेपर, म्हणजे दर आठवड्याचे निबंध, लिहिले. आधी त्याचं लिहायचे, मग उरलेल्या डोक्यानं माझं. त्याचे पेपर माझ्यापेक्षा चांगले व्हायचे. एकदा त्याला शाबासकी आली, ती त्यानं ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

मग एका आठवड्यात मला ताप होता. दोन्ही निबंधांत मी एकच उदाहरण वापरलं, वाक्यं फिरवायची राहिली. विषय होता व्यावसायिक नीतिमत्ता.

विद्यापीठाचं पत्र आलं. तुमचा निबंध दुसऱ्या विद्यार्थ्याच्या निबंधाशी जुळतो, सात दिवसांत खुलासा द्या. तसंच पत्र विराजलाही. साहेबांनी दार लावून घेतलं आणि टाइप केलेला एक कागद माझ्यापुढं ठेवला. त्यात लिहिलं होतं, विराजच्या लॅपटॉपमधून निबंध मी चोरला.

"ह्येच्यावर सही कर आन् पाठवून दे. विराजचं करिअर हाय. तुझं काय, तू परत देशील. तुमाला तर सगळीकडं सवलती असत्यात."

अमेरिकेच्या परीक्षेला कसली सवलत? पण मी ते बोलले नाही. मी म्हणाले, "विचार करून सांगते."

"ह्यात इचार कसला?" ते खरंच चकित झाले होते.

मी मुदखेडला गेले. माय शाळेतून आली होती, केसात खडूची धूळ. सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती भाकरी थापत राहिली.

"दे की करून सही," ती म्हणाली. "काम तर ऱ्हाईल. मी न्हाई का दिला अंगठा?"

"कसला अंगठा?"

"त्या तांदळाचा."

मी सातवीत असताना शाळेतलं खिचडीच्या तांदळाचं एक पोतं गायब झालं होतं, एवढं मला माहीत होतं. त्या वर्षी वर्गातली पोरं मला "चोरटीची" म्हणायची. मी एकाला दगड मारला होता. त्याच्या कपाळावर अजून वण आहे.

"तू चोरलं होतंस?"

"मी कशाला चोरू? कमिटीवाल्याच्या गाडीत गेलं की ते. मीच ढकलू लागले पोतं. मंग चौकशी आली. हेडमास्तर म्हनले, बाई, तू कबूल कर, आमी सांभाळून घेतो. त्येनी सांभाळून घेतलं. एवढी वर्सं झाली, काम हाय ना माजं?"

ती हे रागानं सांगत नव्हती. बाजारात भाजी काय भावानं मिळाली ते सांगावं, तसं सांगत होती.

मी तव्याकडं बघत बसले. पोरं खोटं बोलत नव्हती. माझी माय कागदावर खरंच चोर होती. तिनं स्वतः लिहून दिलं होतं. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून अंगठा. मला लिहिता येतं म्हणून सही. एवढं शिकून मी एवढंच अंतर कापलं होतं.

तेव्हाही राग आला नाही. फक्त भूल उतरली. दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला येऊन एका सायबर कॅफेत बसले आणि विद्यापीठाला लिहिलं. दोन्ही निबंध माझे आहेत. पाच महिने त्याचं सगळं लेखन मी केलं. सोबत कच्चे खर्डे जोडले, तारखांसकट. माझी बाजू सावरून लिहिली नाही. मी केलं ते चूक होतं, हेही लिहिलं.

त्यांनी कॉलवर बोलावलं. दोन प्रोफेसर होत्या. एकीनं विचारलं, "तुमच्यावर जबरदस्ती झाली का?"

मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं. मी नाही म्हणाले नाही. आता नाही म्हणते."

विराजला कोर्समधून काढलं. मला त्या विषयात नापास केलं, आणि माझ्या रेकॉर्डवर शिस्तभंगाचा शेरा मारला. मी तो मान्य केला. लेखणी माझी होती.

साहेबांनी फोन केला. तो एकच फोन. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देते. "तुमच्या लोकान्ला खुर्ची दिली की ह्येच व्हतंय." मी म्हणाले, "खुर्ची तुम्ही दिली नव्हती साहेब. तिच्यावर बसून काम मी केलं." ते कट करून मोकळे झाले. नोकरी गेली. अनुभवाचं पत्रही गेलं.

आता नांदेडला एका बाईंच्या छोट्या टॅक्स ऑफिसात आहे. तिथं चार माणसं. पहिल्याच दिवशी मी पेल्यांची बुडं उलटून पाहिली. मालकीणबाई हसल्या, म्हणाल्या, "काय शोधायलीस गं?" मी सांगितलं. त्यांचं हसू थांबलं.

नापास झालेला विषय परत घेतलाय. लायसन्सच्या अर्जात एक प्रश्न येतो, तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का? तिथं मी "होय" लिहीन. खाली जागा देतात. तिथं सगळं लिहीन, कुणाचंही नाव न गाळता. ते लायसन्स देतील किंवा देणार नाहीत. मी लपवणार नाही.

आणि मायच्या शाळेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. तिचा अंगठा असलेल्या कागदाची नक्कल द्या म्हणून. नवीन हेडमास्तरांनी मायला बोलावून घेतलं. माय घाबरून फोनवर म्हणाली, "बाई गं, जुनं कशाला उकरायलीस? माघारी घे अर्ज. काम जाईल माजं."

मी तिला खोटा धीर दिला नाही. जाऊ शकतं तिचं काम. माझं गेलं तसं.

"जाईलही, माय," मी म्हणाले. "पण तू चोर नव्हतीस. तो कागद हातात आला की हे मी शाळेकडून लिहून घेणार, त्यांच्याच सहीनं."

मग तिनं फोन ठेवला.

अर्जाला उत्तर द्यायची तीस दिवसांची मुदत संपलीय. उत्तर आलेलं नाही. उद्या मी अपील टाकणार आहे.