सीतादहीचा फोटो

माझी सून रक्षा. तिच्याबद्दल गावात सध्या काहीबाही बोलून राह्यले लोक. कोणी म्हणते तिनं पोटच्या पोरीलेच मजूर करून टाकलं, कोणी म्हणते नोकरी वाचवासाठी सही ठोकली. मी तानबाजी, तिचा सासरा. बोलणाऱ्याच्या तोंडाले लागाचं वय नाई राह्यलं माझं, पण खरं काय झालं ते सांगतल्याशिवाय माझं डोकं काई थंड होत नाई. म्हणून सांगतो.

रक्षा आष्टीची. लग्न करून आली तवाच मले म्हणाली, "मामाजी, मी शिकून घरात बसणार नाई." मी म्हटलं, बसू नोको बाई, तुले कोण बांधून ठेवलं? माझा पोरगा धीरज आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्यालेही काई अडचण नव्हती. अडचण होती माझ्या बायकोले, रुख्माबाईले. पण रक्षा पहाटे उठून सैपाक करून स्कुटीवर निघाली का रुख्माबाईचं तोंड आपोआप बंद होये. आर्वीजवळच्या एका जिनिंगनं, म्हणजे कापसातली सरकी काढाच्या कारखान्यानं, तिले कामावर घेतलं. मालक मधुकरराव.

आता तिचं काम काय, ते ऐका. आपला कापूस जिनिंगात जाते, तिथून सूतगिरणीत, तिथून कापडवाल्याकडे, अन् त्याचे शर्ट होऊन जातात युरोपात. तिकडे आता कायदा झाला. शर्ट विकणाऱ्या मोठ्या कंपनीनं पाहाचं का शर्टापासून बोंडापर्यंत कुठं कोण्या लेकराले कामाले तं नाई लावलं, फवारणीचं जहर कोणाच्या आंगावर तं नाई उडालं, बायाईले मजुरी बरोबर भेटते का नाई. कंपनी विचारते कापडवाल्याले, कापडवाला विचारते गिरणीले, गिरणी विचारते मधुकररावाले, मधुकरराव विचारतात रक्षाले. रक्षाच्या खाली विचाराले कोणीच नाई. खाली नुसती पऱ्हाटी, कापसाची झाडं.

अन् हे बिनकामाचं होतं असं मी म्हणत नाई बरं का! आमचा शेजारी कैलास उघड्या पायानं, उघड्या हातानं फवारे. रक्षानं त्याले हातमोजे अन् तोंडाले लावाचा मास्क आणून देला. भैताडानं दोन्ही खुंटीले टांगून ठेवले. का तं म्हणे, गरम होते. रक्षा त्याच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन उभी राह्यली अन् म्हणाली, "कैलासभाऊ, तुम्ही मोजे घालेपर्यंत मी इथून हालणार नाई." भर उन्हात उभी. शेवटी त्याच्या बायकोनंच पंप हिसकला. आता तो मोज्याशिवाय पंपाले हात लावत नाई, अन् दुसऱ्यालेच अक्कल शिकवते.

प्रेमदासची पोरगी काजल वेचणी आली का शाळेतून गायब होये. दरसाल. सारे पाहत होतो, कोणी बोलत नव्हतं, मी पण नाई. रक्षा त्याच्या दारात जाऊन बसे. तो शिव्या दे, ही बसे. तो म्हणे, "तुह्या कंपनीले सांगजो, माह्या घरात नाक खुपसू नोको." ही म्हणे, "कंपनी जाऊ द्या भाऊ, पोरगी हुशार हाये." काजल आता आठवीत हाये, रोज शाळेत जाते. ती परत शाळेत गेली त्या दिवशी रक्षानं घरी येऊन गोडाचा शिरा केलता. तिच्या साऱ्या नोकरीत मी तिले एवढी खुश कधी पाह्यली नाई.

तं अशी ही बाई. आता तिचं काय झालं ते पाहा.

आमच्याकडे कापूस वेचाच्या आधी सीतादही करतात. घरचे सारे वावरात जातात. पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडाचे, हळदी-कुंकू लावाचं, दहीभाताचा निवद दाखवाचा, पऱ्हाटीवर दही शिंपाचं. अन् मंग पहिलं बोंड वेचाचं. आमच्या घरी ते पहिलं बोंड घरची लेक वेचते. माझ्या बहिणीनं वेचलं, माझ्या लेकीनं, हर्षानं वेचलं. हर्षा सासरी गेली अन् मधात किती तरी साल ते काम रुख्माबाईच करे, अन् दरसाल म्हणे, "घरात लेक पाहिजे होती." मंग अपेक्षा झाली. माझी नात. तिसरीत गेली तवा रुख्माबाई म्हणाली, "औंदा पोट्टीच्या हातानं."

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. अपेक्षानं लाल फ्रॉक घातलता, केसाले गजरा. रुख्माबाईनं तिच्या कमरेले वेचणीचं फडकं बांधलं, पोट्टीच्या गुडघ्याखाली लोंबे ते. तिनं बोंडातला कापूस ओढला, फडक्यात टाकला, अन् आमच्याकडे पाहून अशी हासली का काय सांगू! रक्षानं फोटो काढला.

अन् तिथंच माशी शिंकली. तिच्या फोनमधल्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दर गावाच्या शेतकरी गटाचा हंगाम सुरू झाल्याचा फोटो टाका लागे. रक्षानं तोच टाकला. खाली लिहिलं, "आमच्या गावात वेचणीचा शुभारंभ." साऱ्या गावाले बालमजुरीवर भाषण देणारी बाई, अन् तिच्या मनात एक डाव पण आलं नाई का हे पण कोणी तसं पाहीन! येईन कसं? ते काम नव्हतंच ना! सण होता. गावात कोणालेही दाखवला असता तं म्हणला असता, वा, पोट्टी गोड दिसून राह्यली.

दिवाळी होऊन थोडे दिवस गेले अन् मधुकरराव स्वतः गाडी घेऊन घरी आले. चहा समोर ठेवला तं हात लावला नाई. म्हणाले, "रक्षाताई, हे काय करून बसलात?" तिकडच्या तपासणीवाल्याईनं फोटो धरला होता. लहान मूल, कापसाचं वावर, कमरेले फडकं, अन् वार सोमवार. म्हणजे शाळेचा दिवस. बालमजुरी! आमच्या गावाच्या साऱ्या गटाचा कापूस थांबवला.

"सोमवार असला म्हणून काय झालं?" मी म्हटलं. "दिवाळीची सुट्टी होती ना बाप्पा!"

"मले माहीत हाये तानबाजी," मधुकरराव म्हणाले. "त्याईले कोण सांगन?"

रक्षा सांगाले निघाली. हेडमास्तरचं पत्र आणलं का पोरगी रोज शाळेत येते. सुट्ट्याईचा कागद आणला. पूजेचे दगड, दहीभात, सारे फोटो पाठवले. सीतादही म्हणजे काय ते इंग्रजीत लिहून काढलं, तीनदा खोडून. उत्तर आलं का कागद भेटले, आक्षेप कायम हाये. मंग तपासणीवाल्याईच्या पुण्याच्या एका मॅडमसोबत फोनवर मीटिंग झाली. मी मागं खाटेवर बसलो होतो. मॅडम वाईट नव्हती, उगाच खोटं काऊन बोलू? नरमाईनं बोले. म्हणाली, "ताई, मला समजतंय. पण फोटोत मूल आहे, हातात कापूस आहे, कमरेला पिशवी आहे. पूजा होती, ते फोटोत दिसत नाही."

मले राहावलं नाई. मी फोनसमोर तोंड घातलं. "अवो मॅडम, पोरगी तुळशीले पाणी घालते तं माळीण झाली काय? देवाले फूल वाहते तं फुलवाली झाली काय? याचा कापूस कोण किलोनं मोजला?"

मॅडम म्हणाली, "काका, मी तुमचं म्हणणं लिहून पाठवते. पण निर्णय वर होतो."

"वर म्हणजे कुठं?"

तिलेही सांगता आलं नाई. वरच्याईनं तिलेही काई सांगतलं नसन.

गावात घराघरात कापसाचे ढीग लागले. छपरीत कापूस, माजघरात कापूस, निजाले जागा नाई. जिनिंग घेत नाई, बाजारात न्यावा तं भाव पडलेला, अन् गटाचा म्हणून हातमोजे घालून, सारे नेम पाळून केलेला माल. लोक आमच्या अंगणात येऊन बसू लागले. आधी ताई ताई करणारे आता दुसरीकडे पाहून बोलत. प्रेमदास तं मोठ्यानं म्हणाला, "माह्या पोरीले शाळेत घालाले बसली होती, अन् हिची पोट्टी वावरात!" त्याले धक्के मारून काढावं वाटलं मले. रक्षानं माझा हात धरला.

मंग वरून निरोप आला. दोन रस्ते. एक, रक्षानं लिहून द्यावं का माझ्या मुलीकडून कापूस वेचून घेतला, चूक मान्य हाये, अन् सुधारणेचा आराखडा जोडावा. तं फक्त आमचं वावर कंपनीच्या यादीतून निघन, गावाचा कापूस सुटन. दुसरा, नाई म्हणत राहावं. तं तपासणी चालू राहीन, हंगाम निघून जाईन, अन् तोपर्यंत सारं गाव बंद.

कैलास म्हणाला, "वहिनी, करून टाका ना सही. कागदच तं हाये."

रक्षा त्याच्याकडे पाहून म्हणाली, "कागदच असता तं मी दहा सह्या केल्या असत्या, कैलासभाऊ. त्याच्यावर माझ्या पोरीचं नाव हाये."

धीरज म्हणाला, नोकरी सोड, नाई तं नाई. मी पण तेच म्हटलं. तिनं ऐकलं नाई. म्हणाली, "मी सोडली तं माझं सुटन. कापूस कोण सोडवन?" दोन दिवस ती जेवली नाई धड. रुख्माबाई, जी तिच्या नोकरीवर दात खाये, तीच ताट घेऊन तिच्या मागं फिरे. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षा ओट्यावर बसली अन् तिनं लिहून देलं. माझी मुलगी अपेक्षा हिच्याकडून मी शेतात कापूस वेचण्याचं काम करून घेतलं. खाली सही. मी पाहत होतो.

गावाचा कापूस सुटला. ट्रॅक्टर भरून गेले. जाताना कोणी आमच्या दाराशी थांबलं नाई, कैलास सोडला तं.

अन् तमाशा अजून बाकीच होता! सुधारणेचा आराखडा. त्यात होतं का मुलाले शाळेत दाखल कराचं. अवो, पोरगी शाळेतच हाये! पहिल्या बाकावर बसते! पण आराखडा म्हणजे आराखडा. कंपनीची एक गाडी आली, दोघंजणं उतरले, नवं दप्तर आणलं, अपेक्षाले तिच्याच शाळेच्या फाटकात उभी केली, दप्तर हातात देलं अन् फोटो काढला. हेडमास्तर इतका चिडला का खोलीत जाऊन बसला. पोट्ट्याईनं अपेक्षाले विचारलं, "तू शाळेत नव्हती का वं?" मंग तिले मजूर मजूर म्हणून चिडवू लागले. पोरगी घरी आली अन् दप्तर कोपऱ्यात फेकून देलं. काजल, जी खरंच शाळेबाहेर होती, तिचा फोटो कोणी काढला नाई, तिले दप्तर कोणी देलं नाई. ती आपली फाटकी पिशवी घेऊन बाजूनं निघून गेली.

रक्षाची नोकरी राह्यली. मधुकरराव म्हणाले, तुमच्यासारखं काम कोण करन? ती अजूनही स्कुटी घेऊन गावोगाव जाते, हातमोजे घाला म्हणते, पोट्टे शाळेत पाठवा म्हणते. मी एकदा चिडून म्हटलं, काऊन करतं आता हे? तं म्हणाली, "मामाजी, काजलसाठी नियम बरोबरच होता." फक्त आता सीतादहीच्या दिवसात ती आधीच सांगून येते, लेकराईले धुऱ्यावरच थांबवा, पऱ्हाटीत आणू नोका. लोक ऐकतात. गावात औंदा एकाही पोरीनं पहिलं बोंड वेचलं नाई.

आमचं वावर यादीत नाई. आमचा कापूस आर्वीच्या बाजारात जाते, कोण्या व्यापाऱ्याले शर्टाशी काई घेणंदेणं नाई. म्हणून औंदा सीतादहीले मी म्हटलं, आपल्याले कोण विचारते? सारे फोन घरी ठेवा. रविवार पाहून गेलो. रुख्माबाईनं दगड मांडले, दही शिंपलं, अन् फडकं हातात घेऊन नातीले बोलावलं.

अपेक्षा धुऱ्यावर उभी होती. दोन्ही हात मागं बांधलेले.

"ये बाई," मी म्हटलं. "कोणी नाई इथं. वेच."

ती जागची हालली नाई. म्हणाली, "नाई आबाजी. आईले पुन्हा लिहून द्या लागन."

रक्षा खाली बसून निवदाचं ताट आवरत होती. तिनं वर पोरीकडे पाह्यलं, अन् आवरलेलं ताट पुन्हा पुसाले घेतलं. रुख्माबाईनं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी वेचणीच्या बाया आल्या, अन् त्याईच्यातल्या कोण्या बाईच्या हाती ते पहिलं बोंड गेलं, मले माहीत नाई.