ग्लेनिसचा जुलैतला पतंग

हॅरो बेच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांची घरं लावायच्या तळावर, हवामानखात्याचा कागद रोज दारावर लागत असे. लोक तो वाचत आणि मग म्हणत, "ते असू दे, ग्लेनिस काय म्हणते?" पार्क सांभाळणारी ग्लेनिस ट्रेमेन दारात येई, नाक वर करी आणि सांगे, "दोन वाजता. मोठा पतंग नेऊ नकोस, हाडं मोजत बसशील." दोन वाजता वारा येई.

वीस उन्हाळे तिने काइटसर्फिंगवाल्यांचे पतंग धरले. कमरेला पट्टा बांधलेला माणूस दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाहून अंगठा वर करायचा, हिने पतंग सोडायचा, की तो फळीवर उभा राहून पाण्यावरून सुसाट. ग्लेनिस मग हात कमरेवर ठेवून त्याच्या चुका काढी. चुका बरोबर असत, म्हणून कोणाला शंका आली नाही की ही बाई स्वतः फळीवर एकदाही उभी राहिलेली नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी विचारलं होतं, "तूही करतेस का?" तेव्हा सरळ नाही म्हणायचं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "करायचे ना. गुडघा जायच्या आधी." झालं. पुढच्या वर्षी त्या थापेला भरती आली, तिसऱ्या वर्षी ग्लेनिस जेटीवरून उडी मारून पलीकडे उतरली होती. गुडघा कधी उजवा असे, कधी डावा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग यंदा मार्चमध्ये गुडघा खरोखरच दुखायला लागला. डॉक्टरने तो आठवडाभरात ठणठणीत करून दिला, आणि ग्लेनिसने खुशीत ही बातमी नोएल पॅस्कोला सांगितली. नोएल म्हणजे सात नंबरच्या जागेवर दर उन्हाळ्यात कॅरव्हॅन लावणारा म्हातारा. जन्मभर मेंढ्या कातरल्या, आता लोकांचे कान कातरतो. त्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. शुक्रवारी पतंगवाल्यांच्या क्लबाने ठराव केला: ऑक्टोबरमध्ये हंगामाचा पहिला पतंग ग्लेनिसचा. सगळं गाव किनाऱ्यावर येणार, आणि ती एकटी खाडी ओलांडणार.

त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं मन उडालं. गाव हसलं असतं तर तिने चार शिव्या देऊन मिटवलं असतं. पण उद्यापासून दारात येऊन "ग्लेनिस काय म्हणते?" असं कुणी विचारणार नाही, ही भीती तिला खाऊ लागली. ह्या बाईकडे तेवढीच एक गोष्ट होती.

तेव्हा तिने गुपचूप शिकून घ्यायला जुलै निवडला; तिकडे तो ऐन हिवाळा. बहिणीकडे जाते असं सांगून ती नऊशे किलोमीटर उत्तरेला, रीड्स लँडिंगला निघाली. तिथे जुलैत वारा नावापुरता, त्यामुळे पतंगवाले नसणार, बघणारं कोणी नसणार. वाऱ्याचा हिशेब चोख होता. फक्त थंडी पडली की तिचा स्वतःचा पार्क रिकामा होतो, ती माणसं गाडीला कॅरव्हॅन जोडून ऊब शोधत कुठे जातात, हे वीस वर्षं पार्क चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

रीड्स लँडिंगच्या किनाऱ्यावर कॅरव्हॅनच्या तीन रांगा होत्या. पुढे घडीच्या खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीत एक म्हातारा नाही तर म्हातारी दुर्बीण लावून समुद्राकडे बघत. जुलै म्हणजे तिथून व्हेल मासे जायचा महिना.

ग्लेनिसने टोपी नाकापर्यंत ओढली. शिकवणारी इनेस नावाची पोर्तुगीज मुलगी होती. महिनाभरात पहिला विद्यार्थी मिळाल्याने तिने ग्लेनिसला मिठीच मारली.

दोन दिवस वाराच नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडून आला.

"पतंगाची दांडी अंगाकडे ओढू नकोस," इनेस म्हणाली.

"मला सांगतेस?" ग्लेनिस म्हणाली आणि दांडी ओढली. वीस वर्षं ती लोकांना हेच ओरडून सांगत आली होती. पतंगाने तिला उचललं, आपटलं आणि पोटावर फरफटत सरळ किनाऱ्याकडे आणलं. खुर्च्यांमधून आरोळी उठली, "व्हेल! व्हेल!"

वाळूत तोंड खुपसून ती थांबली, तेव्हा समोर दोन पाय होते.

"ग्लेन?" नोएल पॅस्को म्हणाला. "बहिणीकडे होतीस ना तू?"

तोंडातली वाळू थुंकून ग्लेनिस म्हणाली, "ह्या पोरीला शिकवतेय. कसं करू नये ते दाखवत होते."

इनेसने तोंड फिरवून हसू दाबलं. नोएलने मात्र मान डोलावली. "वाटलंच मला. इतकं वाईट कोणी चुकून करूच शकत नाही." संध्याकाळपर्यंत तिन्ही रांगांना कळलं की हॅरो बेची ग्लेनिस आली आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खुर्च्या तिच्याकडे वळलेल्या. ग्लेनिस पडली. पुन्हा पडली. सात वेळा पडली, आणि प्रत्येक वेळी नोएल शेजाऱ्याला समजावून सांगे, "ही तिसरी चूक. ही चौथी. बघून ठेव." इनेस कंबरभर पाण्यात हसून हसून रडत होती.

आठव्या वेळी ग्लेनिसने दांडी ओढली नाही. पतंग भरला, फळी पायाखाली आली आणि ती उभी राहिली. पाणी खालून सरकत होतं. एक, दोन, तीन, चार. मग ती धपकन पडली, वर आली आणि ओरडली, "बघितलंत?"

सगळ्या पाठी तिच्याकडे होत्या. पलीकडच्या टोकाला एक व्हेल अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर आला होता, आणि सगळे तिकडे धावत होते.

ती तशीच निथळत वाळूवरून चालत नोएलपाशी गेली.

"ग्लेन, काय उडी मारली त्याने! तू बघितलास?"

"नोएल, मी उभी राहिले."

"हो का. अगं, शेपटीसकट वर आला!"

"मी उभी राहिले म्हणतेय!"

"मग? गुडघा जायच्या आधी रोजच उभी राहायचीस की."

ग्लेनिसला रडू फुटलं. तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि तिनेच ती इतक्या वेळा आधी सांगून ठेवली होती की आता कोणाला तिचं काही वाटणार नव्हतं. क्लब, गाव, ऑक्टोबर, सगळं गेलं खड्ड्यात असं तिला त्या क्षणी वाटलं.

"कधीच नाही राहिले रे," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा. जेटी-बिटी सगळ्या थापा. आणि नेमका तेव्हाच तुम्ही मेल्यांनी तो मासा बघितला."

नोएल हसायला लागला, मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. दुर्बीण खाली आली.

"वीस वर्षं?"

"वीस."

"आणि आज किती वेळ?"

"चार सेकंद."

त्याने दाढी खाजवली. "खाडी ओलांडायला नाही पुरायचे," तो म्हणाला. "ऑक्टोबरपर्यंत किती होतील?"

ग्लेनिसने डोळे पुसले, नाक वर केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दलचा आकडा विचार करून सांगितला.

"पाच."