कोरड्या रस्त्यावर भिजलेली जीप

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही! वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातले देव गोदावरीत सोडले. नवस नाही, अंगारा नाही, गाडीला लिंबू-मिरची तर नाहीच नाही. आणि गंमत बघा... याच अभिमानापायी मी फसलो.

लातूर जिल्हा नवानवाच झाला होता. कचेऱ्या, साहेबांचे दौरे, त्यात दुष्काळाची पाहणी. भाड्याच्या जीपला नुसती मागणी! मी बी.ए. होऊन रिकामा, पण गाडी चालवता यायची. म्हणून नांदेडच्या बालाजीशेठकडं जुनी जीप बघायला गेलो. चकचकीत रंग, आणि भाव अगदीच कमी. एवढी स्वस्त का, विचारलं.

शेठनं आवाज खाली आणला. "जयभीम साहेब, खरं सांगू का? लोक म्हणून राहिले, गाडीला बाधा हाय. मेलेली बाई दिसती म्हणं. तुम्ही शिकलेले, असलं काई मानत न्हाई, म्हून तुम्हालाच दाखवून राहिलो."

झालं! माझी छाती फुगली. खाली वाकून चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बघायची सोडून मी त्याला अंधश्रद्धेवर भाषण दिलं आणि गाडी घेऊन टाकली.

बायको सुमन आणि तान्ही पोरगी नायगावला माहेरी होत्या. दोघींना घेऊन भर दुपारी लातूरला निघालो. वाटेत ओढे कोरडे, विहिरींचे तळ उघडे, टँकरपाशी घागरींच्या रांगा. लोह्याच्या पुढं एक उतार लागला, खाली बिनकठड्याचा पूल. तेवढ्यात सुमन म्हणाली, "अवो, माझे पाय भिजून राहिले!"

"रेडिएटर गळत असंल."

"रेडिएटरचं पाणी असं थंडगार असतंय व्हय? बघा तरी!"

मी खाली पाहिलं आणि... अहो, पाणी! गढूळ, पुराच्या चिखलाचा वास असलेलं, घोट्यापर्यंत चढलेलं. जीपला दारंच नव्हती, तरी थेंबभर बाहेर सांडत नव्हतं! सुमन ओरडली, "थांबवा म्हणते ना!" मी करकचून ब्रेक दाबला. पोरीला छातीशी धरून तिनं उडीच मारली.

मी चाकाला दगड लावला. गाडी कडेला घ्यावी म्हणून बाहेरूनच स्टिअरिंग फिरवलं, तर ते गरागरा फिरलं आणि चाकं जागची हलेनात! खाली वाकून बघतो तो स्टिअरिंग जिथं चासीला धरलेलं असतं तिथून तुटून लोंबतंय. किल्लीनं चासी टोचली तर किल्ली आत गेली. लोखंड कुजलेलं, वर नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर आम्ही तिघं पुलाखाली असतो.

उठून पाहिलं, तर जीपमध्ये पाणी नाही. धूळ होती, अगदी कोरडी. सुमनच्या साडीचा काठ मात्र तिनं पिळला, तेव्हा गढूळ पाणी निथळलं!

पुढची चाकं उचलून ट्रकला बांधली आणि जीप थेट बालाजीशेठच्या दारात नेली. तेव्हा ग्राहकांचं कोर्टबिर्ट नव्हतं, मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. सुमननं चिखलानं माखलेला काठ पुढं धरला आणि सगळं सांगितलं. शेठचं तोंड उतरलं. "वहिनी, गाडी मागं गोदावरीच्या पुरात बुडाली व्हती. चूक झाली," म्हणाला आणि घासाघीस न करता सगळे पैसे परत दिले.

"आन् त्यात मेलेली बाई कोण?" सुमननं विचारलं. शेठनं सांगितलेली बाधेची गोष्ट मी तिला येताना ट्रकमध्ये ऐकवली होती.

त्यानं हात जोडले. "कसली बाई, वहिनी! भाव कमी का, म्हून कुणी खाली वाकून बघू नये, यासाठी मीच उठवली व्हती ती आवई. गाडी गॅरेजच्या मागं उभी व्हती, तशीच बुडाली. आत चिटपाखरू न्हवतं. लेकराची शपथ!"

आता सांगा! कुणी मेलं असतं तर तुम्ही लोक म्हणाला असता, त्याच्या आत्म्यानं वाचवलं. मी वाद घातला असता आणि विषय संपला असता. पण इथं भूतसुद्धा नाही. पोरगी आज दोन लेकरांची आई आहे, आणि त्या दिवशी तिला कोणी वाचवलं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.