फळीवरून उतरताना

पायगुण! हा शब्द कुणी उच्चारला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा शेजारणीच्या सुनेच्या हातून दुधाचं भांडं निसटलं, तर सासू लगेच म्हणाली, पायगुणच तसला. मी म्हटलं, अगं बाई, भांडं हातातून पडलं, पायांनी काय केलं? ती तोंड फिरवून आत गेली. म्हणून हे सांगते. म्हातारीनं जुनं कशाला उकरून काढायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल उठून जावं.

आमचं मिठागर दिव्याजवळ, अगदी खाडीला लागून. संक्रांत झाली की वाफ्यांतून मीठ धरायला लागायचं, ते पाऊस येईपर्यंत. मिठाच्या राशी वर बांधावर आणि मीठ न्यायची मोठी होडी, म्हणजे मचवा, खाली खाडीत. मधे एक फळी, दीड वीत रुंद. आम्ही बाया डोक्यावर मिठाची पाटी घेऊन त्या फळीवरून मचव्यात उतरायचो. भरती पुरी असली की फळी जवळजवळ सपाट असायची. पण ओहोटी लागली की मचवा खाली खाली जायचा आणि फळीचा उतार वाढायचा. त्यात सगळ्यांच्या पायाचा चिखल लागून ती नुसती बुळबुळीत व्हायची. मचवा गाळात बसायच्या आत भरून कल्याणच्या बंदराकडं निघाला पाहिजे, त्यामुळं थांबायची सोय नाही. शेवटच्या पाट्या सगळ्यांत वाईट उतारावर उतरवायच्या.

ही चाल अंगात यायला मला दोन हंगाम गेले. उतारावर माणूस भितं, आणि भ्यालं की मागं रेलतं. तिथंच घात होतो. मागं रेललं की सगळा भार टाचांवर येतो, आणि ओल्या फळीवर टाच काही धरत नाही, तीच आधी निघते. धरतो तो चवडा. म्हणून उताराला भिऊन मागं सरायचं नाही, उलट त्याच्याकडं जरासं झुकायचं. गुडघे सैल सोडायचे. पावलं लहान टाकायची. आणि नजर पुढं ठेवायची, जिथं जायचं तिथं. पायांकडं बघितलं की मान वाकते, मान वाकली की पाटी पुढं कलते, ती सावरायला अंग मागं जातं, आणि पुढचं खाडीला ठाऊक. आमच्या आगरातल्या सगळ्या बायांना हे कळत होतं. माझ्या आईला तर सगळ्यांत जास्त. तीस वर्षं ती त्या फळीवरून उतरली होती.

त्या वर्षी माझ्या मधल्या भावाचं लग्न झालं. वैनी मुरबाडच्या बाजूची, डोंगराखालच्या गावातली. खारा चिखल तिनं जन्मात पाहिला नव्हता. पण आल्यावर दुसऱ्याच दिवशी विहिरीवरून दोन हंडे एकावर एक घेऊन आली, आणि वाटेत माझ्याशी हसत बोलत होती. हात न लावता! मी तेव्हा चौदा-पंधराची. आ वासून बघत राहिले. म्हटलं, ही तर आम्हां सगळ्यांना पाणी पाजेल.

आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती फळीवरून पडली. पाटीसकट, मचव्याच्या कडेला, गुडघाभर गाळात. बाया खो खो हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशी पडली तेव्हा कुणी हसलं नाही. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला आणि एक अख्खी रास विरघळून गेली. थोरल्या भावाचं बोट मचव्याच्या कडेत चेमटलं. झालं! बायांच्या माना एकमेकींकडं वळल्या. नव्या सुनेचं पाऊल धड पडत नाही, घराला सुख कुठून लागणार? आता पाऊस हिच्यामुळं आला म्हणे. मग खाडीपलीकडच्या आगरांतही पडला, तिथं कुणाची सून गेली होती?

आई एके दिवशी चुलीपुढं बसून म्हणाली, "पाऊस लागायच्या आधी शेवटचा मचवा भरायचा हाय. तेव्हा पडली तर तिला माहेरी पोचती करायची. पोराला दुसरी बघू." म्हणाली कसली, बघूनसुद्धा ठेवली होती, कळव्याची. वैनी तिथंच भाकऱ्या थापत होती. तिच्यासमोरच हे बोलणं. भाकरी तव्यावर टाकताना तिचा हात चुकला आणि बोटं भाजली, पण तिनं लगेच पुढची भाकरी थापायला घेतली.

मी दोन दिवस तिच्या मागं मागं राहून नुसती बघत होते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरची रीत अशी की नव्या सुनेनं वर्षभर सासऱ्यापुढं आणि थोरल्या दिरापुढं डोळे वर करायचे नाहीत. डोक्यावर पदर, मान खाली, नजर पायाच्या अंगठ्यावर. घरात ठीक आहे, उंबऱ्याला अडखळलं तर अडखळलं. पण मचव्यात पाट्या उतरवून घ्यायला कोण उभे असायचे? बाबा आणि थोरला भाऊ! म्हणजे ही बिचारी सबंध फळी मान खाली घालून उतरणार. दोन हंडे घेऊन डोंगर चढणारी पोर! तिचा तोल आमच्यापेक्षा चांगला होता. आम्हीच तो मोडला आणि वर तिलाच बोल लावला.

मी धावत जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आता सासऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून चालायचं तिनं?" आणि माझ्या पाठीत एक धपाटा बसला. मी म्हटलं, "आये, तुझं लग्न झालं तेव्हा मचव्यात कोण होतं?" आईनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "तेव्हा सासरा नव्हता मला. मेलेला." हे तिच्याच तोंडून आलं, तरी तिला त्यात काही दिसलं नाही. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

मग मी वैनीला घेतलं. रोज दुपारी, सगळे जेवून आडवे झाले की आम्ही दोघी पलीकडच्या बांधाच्या उतारावर जायचो. पाटीत ओला गाळ भरायचा आणि उतरायचं. पहिल्या दिवशी ती सात वेळा घसरली. मी ओरडायचे, "मागं नको गो, मागं नको! उताराकडं झुक!" ती म्हणायची, "वन्सं, उताराकडं झुकायचं तर जीव देण्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "मग दे जीव, पण गुडघे सैल सोडून दे." दोघी इतक्या हसलो की पाटी तिथंच सांडली. चौथ्या दिवशी ती चवड्यांवर आली. तिच्या अंगातलं जुनं सगळं जागं झालं. आठव्या दिवशी ती पळत उतरली, चुंबळीवर पाटी जराही हलली नाही. राहिली फक्त नजर. ती म्हणाली, "पण मामंजी समोर असतील." मी म्हटलं, "त्यांच्याकडं बघूच नको. मचव्याच्या डोलकाठीकडं बघ. लाकडाकडं बघायला कुणाची बंदी आहे?" मला तेव्हा वाटलं, काय अक्कल लढवली मी.

शेवटच्या मचव्याचा दिवस उजाडला. आभाळ भरून आलं होतं, सगळ्यांची घाई चाललेली. माझा मधला भाऊ राशीपाशी पाट्या भरत होता. त्यानं बायकोच्या डोक्यावर पाटी चढवली, आणि लगेच पुढची पाटी भरायला वळला. फळीशी आल्यावर वैनीनं मान वर केली. आजूबाजूच्या बाया थबकल्या. ती उतरली. पाटी दिली, परतून आली, पुन्हा उतरली. ओहोटी लागली, उतार वाढला, आमच्यातली एक जुनी बाई घसरून एका गुडघ्यावर आली, पण वैनी नाही! शेवटची पाटी तिचीच. तेव्हा फळी इतकी कलली होती की मीसुद्धा श्वास धरला. ती सरळ खाली गेली, डोलकाठीवर नजर ठेवून, आणि पाटी बाबांच्या हातात दिली. एक खडा खाली पडला नाही. मला नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी बाबा ओटीवर बसले. आईला म्हणाले, "तिच्या भावाला निरोप धाडा. न्यायला येऊ दे."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "बाबा, ती पडली नाही!"

"नाय पडली. सगळ्या आगरासमोर माझ्याकडं टक लावून बघत आली. अशी सून घरात नको."

मी ओरडले, "ती तुमच्याकडं बघत नव्हती, डोलकाठीकडं बघत होती! मीच सांगितलेलं!"

"डोलकाठीपुढं कोण उभं होतं?" बाबा म्हणाले.

आता याला काय म्हणावं? पडत होती तेव्हा पाय वाईट, पडेना तेव्हा डोळे वाईट. मी आईकडं पाहिलं. तीस वर्षं मान वर करून त्या फळीवरून उतरलेली बाई खाली बघून तांदूळ निवडत राहिली. मधला भाऊ कोपऱ्यात बसून पाटीची कड विणत होता. मी त्याला म्हटलं, "दादा, बोल ना काहीतरी." तो म्हणाला, "बाबा म्हणतात ते बरोबरच असेल." पुढं त्याला ती कळव्याची बायको आली, तिला पोरं झाली, सगळं झालं. तो मरेपर्यंत मी त्याच्याशी नीट बोलले नाही, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

वैनीचा भाऊ चौथ्या दिवशी आला. पाऊस लागून बांध निसरडा झाला होता. तो पुढं बोचकं घेऊन चालला, मागं ती, आणि तिला बांधाच्या टोकापर्यंत सोडायला मी. माझ्यामुळं झालं हे, मीच तिला मान वर करायला लावली, एवढंच डोक्यात घुमत होतं. शेवटी मी म्हटलंच, "वैनी, माझंच चुकलं."

ती थांबली. म्हणाली, "वन्सं, एक खरं सांगाल? मी त्या दिवशी मान खाली घालून उतरले असते आणि पडले असते, तर ठेवलं असतं मला?"

"नाही," मी म्हटलं. "तरी धाडलंच असतं."

"मग बरं झालं," ती म्हणाली, "पडले नाही ते."