नामदेवचा पांढरा दात

बर्मा आघाडीवर जाण्याआधी आमची कंपनी बेळगावच्या कॅन्टोन्मेंटमध्ये होती. तिथे सगळ्यांचे दात तपासले. माझी दाढ किडलेली निघाली आणि बोरगावच्या नामदेवचा पुढचा दात.

दातांचे डॉक्टर कॅप्टन होते, आमच्याच मुलखातले. माझ्या दाढेत त्यांनी चांदी दाबून भरली. ती आज म्हातारपणीही शाबूत आहे. नामदेवने मात्र पांढरं मागितलं. त्याचं लग्न ठरलं होतं. पहिल्या लीव्हमध्ये अक्षता पडायच्या होत्या.

"चांदी टिकते," कॅप्टन म्हणाले. "हे पांढरं सिमेंट दिसतं दातासारखं, पण कच्चं. दोन-चार वर्षांत झिजेल. आणि तंबाखू खाल्लीस तर काळं पडेल."

"चालंल साहेब. हसल्यावर चांदी दिसाय नको."

तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीकडचा गडी ती सोडतो, यावर कोणाचा विश्वास बसेना. त्याने सोडली. बर्मात बिस्किटंसुद्धा तो चहात भिजवून दाढेने खायचा. आम्ही त्यालाच नवरी म्हणायचो. लीव्ह दोनदा रद्द झाली, तरी हा आरशाच्या तुकड्यात दात बघत बसायचा. मला त्याचा राग यायचा. घरी परतू ही आशा मी केव्हाच सोडली होती.

एका सकाळी आमचा सेक्शन पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर असताना नाल्यापलीकडून मशीनगन सुरू झाली. नामदेवच्या पोटात गोळ्या लागल्या. मी त्याला ओढत बांधाआड आणलं. हवालदारांनी वायरलेसवर स्ट्रेचर मागितलं.

"रस्ता बंद. थांबा. ओव्हर."

आम्ही थांबलो.

"तंबाखू हाय रं?" नामदेवने विचारलं.

"दात काळा पडंल की."

"पडू दे."

ते ऐकून मी खचलो. चिमूट मळली आणि त्याच्या ओठाआड ठेवली. थोड्याच वेळात तो गेला. स्ट्रेचर आलंच नाही. तिथेच नाल्याकाठी त्याला माती दिली.

लढाई संपल्यावर बोरगावला गेलो. ठरलेल्या मुलीचं लग्न दुसरीकडे लागलं होतं. नामदेवच्या थोरल्या बहिणीने चहा केला.

"दात भरून घेतला म्हणून कळवलंतं त्यानं," ती म्हणाली. "पांढराच ऱ्हायलता न्हवं, शेवटपतूर?"

"व्हय, आक्का."

खोटं बोललो नाही. दात काळा पडायलाही दिवस जावे लागतात. नामदेवला तेवढेही मिळाले नाहीत.